खोटा जोर

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिच्या दादाने जावईबापूंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खांद्यावर हात टाकला आणि शिकवणी सुरू केली. दादाच्या अंगाला सेंटचा आणि तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता.

“डॉक्टर म्हणतील, श्वास रोखून जोर लावा. तुम्ही नुसते गाल फुगवायचे. पोट ढिलं. आपली सगळी डायव्हर पोरं अशीच पास झालीत.”

“डोळे वटारू का?” नवऱ्याने विचारलं.

“थोडे वटारा. बरं दिसतं.”

दादाची डायव्हिंग कंपनी होती आणि तिचा नवरा त्या कंपनीतला सर्वांत खोल जाणारा माणूस. हल्ली वर आला की त्याच्या पोटावर निळे-तांबडे चट्टे उठत, शाई सांडून फडक्याने पुसावी तसे. दादाने त्याला समुद्राची अ‍ॅलर्जी ठरवलं आणि मलमाची ट्यूब दिली. ते मलम ती इमानेइतबारे चोळत राहिली, याची तिला आता सगळ्यात जास्त शिसारी येत होती. परवा त्याच्या डाव्या हातातून कप गळून पडला आणि त्याला ते कळलंच नाही. तेव्हा तिने ट्यूब कचऱ्यात टाकली आणि त्याला इथे ओढत आणलं. दादा ‘आधाराला’ आला.

आत डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो, वर येताना त्याचे बुडबुडे होतात, ते फुप्फुसात अडकून राहतात. पण काही जणांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली फट जन्मानंतर बुजतच नाही. जोर लावला की ती उघडते आणि बुडबुडे फुप्फुसं चुकवून मेंदूकडे, मणक्याकडे निघतात.

“म्हणजे मागचं दार,” दादा म्हणाला. “आमच्या ऑफिसलाही आहे.” कोणी हसलं नाही, तेव्हा तो स्वतःच हसला.

नवऱ्याच्या छातीवर चिकट जेल फासलं गेलं. हवा घुसळलेलं सलाइन शिरेतून आत गेलं. “लावा जोर.”

त्याने गाल फुगवले, डोळे वटारले. पडद्यावर हृदयाची उजवी बाजू बुडबुड्यांनी पांढरी झाली, डावी काळी ती काळीच राहिली.

“फट दिसत तर नाही,” डॉक्टरबाई जरा अडखळत म्हणाल्या. दादाने लगेच मोबाईल काढला. उद्याच्या बोटीवर त्याचं नाव चढवायचं होतं.

तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. दर वेळी घर बदलताना कपाटाचं एक टोक धरून नवरा हाच चेहरा करायचा. हमाल त्याला ‘जपून’ म्हणायचे आणि वजन तेच उचलायचे. हा चेहरा आज पास झाला, तर पुढच्या खेपेला कप नाही, पाय जायचे.

“डॉक्टर, हा यांचा जोर नाही,” ती म्हणाली. “हा कपाटाचा जोर आहे.”

“अगं, काहीतरीच काय,” नवरा पडल्या पडल्या म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याच्या तोंडात दाब मोजणारा काटा बसवलेली नळी दिली. “फुंका. काटा इथे आणून धरून ठेवा. नुसत्या गालांनी जमत नाही.” सलाइन पुन्हा गेलं. या वेळी मानेच्या शिरा टरारल्या. श्वास सुटला आणि काळ्या कप्प्यात पांढरे ठिपके माशांच्या थव्यासारखे घुसले.

“मशीन जुनं दिसतंय,” दादा म्हणाला.

“भोक बुजवता येतं का?” नवऱ्याने विचारलं.

“येतं, पण सगळ्यांना लागतंच असं नाही. हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तोवर डायव्हिंग बंद.”

“आणि उथळ पाण्यात?” दादाने विचारलं. “पर्यटकांबरोबर, फोटोपुरतं?”

छातीवरचं जेल पुसता पुसता नवऱ्याचा चेहरा उजळला. “फोटोपुरतं चालेल की.”

पडद्यावर ते ठिपके अजून थिजलेले होते आणि त्यांच्याखाली दोघांची घासाघीस चालली होती. ती उठून डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली.

“दादाची बाकीची पोरंही गालांवरच पास झालीत,” ती डॉक्टरबाईंना म्हणाली. “त्यांनाही बोलवा.”

“घरातल्या गोष्टी अशा बाहेर…” दादा पुटपुटला.

“आणि यांचं आत्ता माझ्यासमोर लिहा. पाण्यात उतरायचं नाही. अंघोळीचं मी बघते.”

नवऱ्याने दादाकडे पाहिलं. दादाने मोबाईलकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला.