उणे चार

मित्रांनो, माणसाने आजवर घडवलेले एकही वाद्य असे नाही, जे माझ्या पोटात नाही. व्हायोलिन, बासरी, तुतारी, तीस जणांचा वाद्यवृंद, शिवाय पाऊस आणि हेलिकॉप्टर. टाळ्यांचा कडकडाटसुद्धा एकशे सत्तावीस नंबरवर आहे, त्यासाठी लोकांवर अवलंबून राहावे लागत नाही. असा मी एक जुना सिंथेसायझर आहे, आणि गेले सात महिने माझ्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवत होते.

कारखान्यात मला थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये घट्ट बसवले होते. त्यानंतर इतक्या मायेने मला कोणी धरलेले नाही. दुकानातून मला एका बँडच्या मास्तरांनी आणले. एरवी ते चष्म्याच्या दुकानात काचा घासत, सुट्टीच्या दिवशी मला वाजवत. गाणारी त्यांची थोरली बहीण. सगळा बँड तिला ताई म्हणे. ड्रमवाला तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता, तोही ताईच म्हणे. ती रागावली की स्वतःचे वय कोणाला आठवत नसे.

ताईचा सूर काळी चार. मास्तर माझी ती चौथी काळी पट्टी दाबत, ताई त्यांच्या बोटाकडे एकदा बघून घेई आणि गाऊ लागे.

"बाकीच्या सगळ्या गाणाऱ्या वयाबरोबर खाली उतरल्या," ती सांगे. "मी नाही. ज्या दिवशी काळी चार सुटेल, त्या दिवशी माईक ठेवीन आणि घरी बसेन. उगाच लोकांना छळायचं नाही."

ती बोलले ते करणारी बाई होती, आणि हे मास्तरांना पक्के ठाऊक होते. म्हणून एका कार्यक्रमात तिचा आवाज वरच्या जागेवर चिरकला, तेव्हा पुढच्या वेळी त्यांनी गुपचूप माझे ट्रान्सपोझचे बटण एकदा दाबले. हे बटण दाबले की बोटे त्याच पट्ट्यांवर पडतात, पण आवाज अर्धा सूर खाली निघतो. माझ्या पडद्यावर आकडा उमटला : उणे एक. ताईने बोटाकडे पाहिले. बोट काळी चारवर. ती गायली, आणि फार सुंदर गायली.

दोन-तीन वर्षांनी उणे दोन. मग उणे तीन. नऊ वर्षांत उणे चार. दिसायला काळी चार, ऐकायला पांढरी तीन. आकड्यावर मास्तरांनी चिकटपट्टी लावून टाकली. गिटारवाल्याला कटात घ्यावेच लागले. तो तारा सैल करून घेई.

"मास्तर, आता आणखी उतरलात तर या तारांवर टॉवेल वाळत घालीन."

"हळू बोल रे. ती येतेय."

माझ्यात एकच खोड. बंद पडून पुन्हा चालू झालो की मी सगळे विसरतो आणि शून्यावर येतो. मास्तर प्रत्येक कार्यक्रमाआधी न चुकता चार वेळा बटण दाबत.

एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात भर दुपारी जेवणवाल्याने आमच्याच बोर्डावर हॉटप्लेट लावली आणि फ्यूज उडाला. दोन मिनिटांत वीज आली. सूत्रसंचालक घाई करू लागला, मास्तरांनी सुरुवात केली. मी शून्यावर होतो. मित्रांनो, माझ्याकडे एकशे अठ्ठावीस आवाज आहेत, त्यांत 'थांबा' असा एकही नाही.

ताईने माझा सूर धरला. ती नेहमी माझाच धरी. गिटार भलत्याच गावाला निघाली होती. वर जायची जागा आली आणि ताईचा आवाज फुटला. मास्तरांचा अंगठा घाईने बटणावर गेला. एक, दोन, तीन, चार. ताईने ते मोजले.

"किती वर्षं?" तिने विचारले.

"ताई, लोक बघताहेत..."

"लोक जेवताहेत. किती वर्षं?"

"नऊ."

तिने माईक स्टँडवर ठेवला, पर्स उचलली आणि गेली. पाठोपाठ बँडही मोडला. गिटारवाल्याने तारा आवळल्या आणि दुसरीकडे वाजवू लागला. मला मास्तरांनी मागच्या खोलीत आडवे ठेवले. ताई वरच्याच मजल्यावर राहते. ती रोज येई, भावजयीशी तासभर बोले, भावाशी 'हो' आणि 'नाही' एवढेच. मागच्या खोलीत ती फिरकत नसे. वीज नसली की मला करण्यासारखे काही नसते. मी आपला शर्टांची बटणे मोजी.

काल दुपारी ताई आत आली. हातात तिच्या घरचा चहाचा कप. मास्तर बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. तिने कप माझ्या टोकाला ठेवला, कपडे खुर्चीवर लोटले आणि वायर खोचली. काळी चार दाबून ती गायली. वर आवाज फुटला. तिने बटण दाबले. एकदा. पुन्हा गायली. पुन्हा दाबले. चारवर आल्यावर तिने चहाचा घोट घेतला, आणि मग पाचव्यांदा दाबले.

मग अख्खे गाणे गायली, कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. बाहेर पान उलटायचे थांबले होते. मास्तर आत आले नाहीत. शहाणा माणूस.

"मेल्या," ती मला म्हणाली, "तूसुद्धा त्यांच्यातलाच."

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोलले ते पहिल्यांदाच. मग तिने मला बंद केले आणि निघून गेली. पुन्हा येते म्हणाली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असा उपदेश मी आता करायला हवा. धूळ राहू द्या, मला सवय आहे. ताई अर्धा कप चहा माझ्या अंगावर विसरून गेली आहे. तो कप मात्र कोणी उचलू नका. सहा कपांच्या सेटमधला आहे, न्यायला तिला यावेच लागेल.