नाव न पडलेली लढाई

अरुकने भाल्याचं टोक स्वाराच्या मांडीत खुपसलं आणि तसंच पिळलं. घोडा उसळला, स्वार चिखलात पडला. त्याने हात जोडायच्या आत अरुकने जुवाची जाड खुंटी, शिवळ, त्याच्या जबड्यावर हाणली. दात चिखलात विखुरले. पलीकडे तोरणाखाली सजवलेले बैल उधळले होते आणि पडलेल्या माणसांवरून धावत होते. अरुकचा पांढरा बैल तेवढा जागीच गोल फिरत होता. त्याचा एक डोळा फुटला होता.

माझ्या कादंबरीतली सगळ्यात मोठी लढाई अशी लिहून झाली. नाव मात्र सुचत नव्हतं, आणि नाव नसून चालणार नव्हतं. त्या देशाचा रिवाज मीच ठरवला होता: लढाईला नाव घायाळाने द्यायचं, तोरणाखाली उभं राहून, सगळ्यांसमोर. नाव पडेपर्यंत लढाई संपली असं धरत नाहीत. तोवर कोणी कोणाचा गळा कापला तरी पाप लागत नाही.

अंकित, माझा धाकटा भाऊ, पुस्तकासाठी नकाशा काढत होता. हिंगणघाटला माझ्याकडेच राहतो तो. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी कागद दाबून धरला होता.

"वेळूघाटाची लढाई, असं लिही," मी म्हटलं.

"कैच्या कै. घाटानं काय केलं?"

"मग घाटावरची कत्तल."

"कत्तल कोंबड्याची होते, ताई. तुहा अरुक लढला ना?"

"तोरणाची लढाई?"

त्याच्या पेन्सिलीचं टोक कडकन मोडलं.

तोरण मी कुठून आणलं ते त्याला ठाऊक होतं. आर्वीकडच्या आमच्या गावात मागे पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून काठ्या निघाल्या. अंकितची दोन बोटं ठेचली, ती पुढे कापावी लागली. आमच्या ढवळ्याचा डोळा गेला. गाव बोटांचं विसरलं, डोळ्याचं नाही. पोळ्याच्या दिवशी बैलावर कोणी हाकायची तुतारीसुद्धा उगारत नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या कैलासने काठी घातली! बाबांनी तेव्हापासून त्या घराचं पाणी सोडलं. गेल्या साली पोलिसांनी पोळा भरूच दिला नाही. यंदा भरणार होता.

आणि आमच्या दारामागे एक काठी येऊन उभी राहिली होती, तेल पाजलेली, खालच्या टोकाला लोखंडी कडं. "कुत्र्यासाठी आहे," अंकित म्हणाला होता. मी रोज उठले की आधी दारामागे बघायची. माझी लेक रोशनी तान्ह्या, म्हणजे मुलांच्या, पोळ्यासाठी घेतलेला लाकडी बैल त्याच काठीला दोरीने बांधायची. मी सोडायची. ती पुन्हा बांधायची.

अंकितच्या मनातलं आणखी कसं काढणार? मी पुढचं प्रकरण लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. लढाईला नाव पडलेलं नाही, म्हणून अरुक सूड घ्यायला परत जातो. शत्रूच्या नायकाला गोठ्यात गाठतो. पहिल्या घावात त्याचा गुडघा उलटा वळतो. दुसऱ्यात खांद्याचं हाड कातडीबाहेर येतं. नायक शेणात सरपटत गव्हाणीखाली शिरतो आणि ओरडतो, "बैलाला मी नाही मारलं!" अरुक त्याला पायाला धरून बाहेर ओढतो आणि डोकं दगडावर आपटतो, ओरडणं थांबेपर्यंत.

"ते काढ," अंकित म्हणाला.

"काय?"

"मी नाई मारलं म्हणते ते. काढ ते."

"मरताना कोणीही म्हणतं रे तसं."

"तो खरं बोलून राह्यला."

मी लॅपटॉप मिटला. रोशनी पलंगाखाली बैलाला चारा घालत होती.

"कैलासनं माही बोटं ठेचली, खरं आहे," तो म्हणाला. "मंग मले काईच दिसत नोतं. फिरवली काठी. ढवळ्या मधात आला. मच्चकन आवाज झाला, ताई. अजून हातात आहे तो आवाज."

"कैलासला माहीत आहे?"

"तो तवाच ओरडून सांगून राह्यला होता. कोणी ऐकलं नाई. मी नाई म्हटलं. आता फोन आलता त्याचा. म्हणे, यंदा तोरणाखाली झडती म्हणतो तुह्यावर. सगळ्या गावासमोर."

झडती म्हणजे पोळ्याला म्हणायची टोचरी कवनं. ती एकदा म्हटली की गाव जन्मभर म्हणतं.

"म्हणून काठी?"

त्याने दाराकडे बघितलं. त्याच्या मानेची शीर उडत होती. त्या क्षणी मला गव्हाणीखाली सरपटणारा कैलास दिसला, मीच लिहिलेल्या शब्दांत, हाडासकट.

"नाव त्याला देऊ देऊ नको," मी म्हटलं. "घायाळ तू आहेस. तू दे."

"बाबा जीव घेतील माहा."

"घेऊ दे."

बराच वेळ तो मोडकी पेन्सिल ब्लेडने तासत बसला. मग नकाशावर घाटाशेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: पांढऱ्याच्या डोळ्याची लढाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो गावाला गेला. बस सुटल्यावर मी घरी येऊन दारामागे बघितलं. काठी होती. लाकडी बैल बांधलेला होता. या वेळी मी सोडला नाही.

आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, लोणी-हळद चोळून, आणि त्यांच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. संध्याकाळी मी आईला फोन लावला. मागून बाबांचा आवाज दूर जात होता, फाटलेला.

"काय सांगतलं व त्यानं?" आई रडत होती. "गोठ्यात ढवळ्याजोळ उभा होता, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं. काईतरी बोलला, अन् तुह्या बाबानं त्याले हाणलं. खाली पाडून हाणलं. तोंडातून रक्त आलं पोराच्या. हात नाई उचलला त्यानं."

"आता कुठे आहेत बाबा?"

"कैलासच्या घराकडं निंघाले. अनवाणी. थांबत नाई."

"आई, हातात काय आहे त्यांच्या?"

ती दारापर्यंत गेली असावी. बैलांच्या घंटा ऐकू आल्या.

"काई नाई व," ती म्हणाली. "हळदीचेच हात आहे."