दोन टाक्यांतली वीज

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, पण खिशात मावणारी नव्हे! दवाखान्यामागच्या शेडमध्ये माझ्या दोन भल्यामोठ्या टाक्या उभ्या आहेत. त्यांत आम्लात विरघळवलेला धातू आहे. छपरावरच्या सौरपट्ट्यांतून वीज आली की पंप ते द्रावण मधल्या पेटीतून फिरवतात. मग एका टाकीतले जांभळे होते, दुसरीतले पिवळे. तीच माझी साठवण. लागेल तेव्हा द्रावण पुन्हा फिरते आणि वीज परत मिळते.

मला बसवले तेव्हा काय कौतुक झाले! बारा वर्षे मी इमाने-इतबारे राबले. मग एका पंपाचे सील झिजले, गळती लागली. शिवाय मधल्या पेटीतून एका टाकीतले द्रावण हळूहळू दुसरीत झिरपले. माझी ताकद निम्म्यावर आली. शेडमध्ये मोडक्या खाटा रचल्या गेल्या. येणारेजाणारे मला 'आंबट म्हातारी' म्हणू लागले. फार वाईट वाटे.

एके सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढून टाका ही आता."

दवाखान्याची वीज सांभाळणाऱ्या मावशी पाना खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, माझा गुडघा गेला तेव्हा तुम्ही मला काढून टाकलं होतं का? गुडघ्यालाच औषध दिलंत ना?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "बरं, आठ दिवस देते."

मावशींनी हातमोजे चढवले. सील बदलले, दोन्ही टाक्यांतले द्रावण एकत्र करून पुन्हा समसमान वाटले आणि मला नव्याने भरले. द्रावण मुळी झिजलेच नव्हते! सातव्या दिवशी मी पूर्ण ताकदीने उभी राहिले.

पुढच्याच महिन्यात भर दुपारी वादळ झाले. विजेचे खांब आडवे झाले, आभाळ काळेकुट्ट. आत, उबेच्या पेट्यांत, दिवस भरण्याआधी जन्मलेली तीन बाळे होती.

"मावशी, किती वेळ पुरेल?" डॉक्टरबाईंनी धावत येऊन विचारले.

"पंखे, कचेरी, सगळं बंद करते. बाळांना कमी पडू देणार नाही."

माझी साठवण तासातासाने घटत होती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तारा जोडल्या जाईपर्यंत एकही पेटी थंड पडली नाही. डॉक्टरबाई शेडमध्ये आल्या आणि त्यांनी स्वतः एकेक मोडकी खाट बाहेर ओढली.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर तिला टाकण्याआधी तिचे नेमके काय दुखते, ते जाणत्या माणसाला विचारा. कदाचित तिच्यात अजून पुष्कळ बळ शिल्लक असेल. माझ्यात आहे. त्या तिघांपैकी एक बाळ आज लस टोचून घेताना असे काही भोकाड पसरत होते, की माझ्या पंपांचा आवाजही कुणाला ऐकू आला नाही!