भोंग्यासमोरचं पाऊण मिनिट

"खालून धर, पोलेन्का. छप्पर खांद्यावर घेतल्यासारखं धर. लोकांनी तुला ऐकायचं नाही. पण तू थांबलीस, तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळले पाहिजेत."

बापाचा हा आवाज आपोलेना क्रुशिनोवाच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. बाप मोराव्हियातल्या डोंगराखालच्या गावांत लग्नांमध्ये व्हायोला वाजवायचा. व्हायोलिनहून मोठा, खालच्या सुराचा, सपाट घोडीचा, तीन तारांचा, रात्रभर एकाच ठेक्यात घुमणारा. चाल पुढचा व्हायोलिनवाला न्यायचा. दारूचा पहिला पेला त्याला, पोरींच्या नजराही त्यालाच. एकदाच काय ते निराळं घडलं. नवरीच्या डोक्यावरची फुलांची माळ उतरवायची वेळ आली आणि पुढचा वादक आलुबुखारची दारू पिऊन गवताच्या गंजीवर आडवा झालेला. तेव्हा बापानं ती चाल आपल्या जाड गळ्याच्या वाद्यावर घेतली. बायका गात होत्या,

"माळ उतरली फुलांची गं, रुमाल चढला डोई,
कालचं माझं अंगण आज ओळख देत नाही."

गाता गाता एकेक बाई गप्प झाली. गाणं त्यांचंच, पण आता त्यांना ते ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी हंसांना दाणे टाकताना बाप पुटपुटला, "ते आपलं काम नव्हे." नऊ वर्षांच्या आपोलेनाला मात्र दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या: आपल्या वाद्याला बोलता येतं, आणि त्याला कुणी बोलू देत नाही.

आता ती एकोणचाळीस वर्षांची होती. प्रागमध्ये चौघांच्या तंतुवाद्य-मेळात ती एकटी बाई. दोन वर्षांपूर्वी तिनं सबंध संध्याकाळ नुसता व्हायोला वाजवून दाखवला होता, साथीला पियानो तेवढा. असं आधी तिथं कुणी केलं नव्हतं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, "बाईंनी व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीला एकटीलाच फिरायला नेलं, ती बिचारी वाटेत फार बोलली नाही." आपोलेनानं ते कात्रण जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीवर झाकण म्हणून बांधलं आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवली.

मार्च १९२४. ध्वनिमुद्रणाचा दुसरा दिवस. हॉटेलच्या जेवणघरातले गालिचे गुंडाळून ठेवले होते, खिडक्यांवर घोड्यांची घोंगडी टांगली होती, आणि भिंतीत पाडलेल्या भोकातून पत्र्याचा लांब भोंगा आत डोकावत होता. पलीकडच्या खोलीत बर्लिनहून आलेले तंत्रज्ञ टाउबनेक पांढरा एप्रन बांधून मेणाच्या जाड तबकड्या उबदार कपाटात लोण्यासारख्या जपत होते. भोंग्यात जे शिरेल ते सुई मेणावर कोरणार, मग ते मेण बर्लिनला जाणार, आणि तिथून सहा आठवड्यांनी काळ्या तबकड्या होऊन परत येणार. पहिला दिवस खोकल्यानं, ट्रामच्या घंटेनं आणि तुटलेल्या एका तारेनं खाल्ला होता. आता दोनच तबकड्या उरल्या होत्या, आणि उरला होता रचनेचा दुसरा भाग.

सगळा तंटा या दुसऱ्या भागाचाच. रचना मात्येय ब्लाहा या खेड्यातल्या शाळामास्तराची. तो युद्धाआधीच गेला. त्यानं हा भाग असा लिहिला होता की सुरुवातीला तिघांनी गप्प बसायचं आणि एकट्या व्हायोलानं चाल सांगायची. जेमतेम पाऊण मिनिट.

"ती चाल कामिल वाजवेल," ओटोकार व्हर्बेन्स्कींनी गजाला राळ घासत सांगितलं. हे मेळाचे प्रमुख, पहिलं व्हायोलिन त्यांचं. आपोलेना त्यांच्याच हाताखाली शिकलेली. "दुसऱ्या व्हायोलिनवर. तीच चाल, फक्त वरच्या पट्टीत. यावर परवा बोलणं झालंय."

"तुम्ही बोललात, प्रोफेसर. मी ऐकत होते."

"क्रुशिनोवा, गेल्या वसंतात आपण चाचणीची तबकडी केली होती. कारखान्यानं तिची एकच प्रत पाठवली, ती मी ऐकली. तुझा आवाज त्यात नव्हताच. मी काय करू?"

टाउबनेक दारात उभे होते. त्यांची चेक भाषा मोडकी, पण मत पक्कं. "मधला आवाज, बाई, वाफ. भोंगा वाफ नाही खात. व्हायोलिन खातो, गाणारा माणूस खातो. व्हायोला वाफ."

"वाफेनं आगगाडी चालते, साहेब," आपोलेना म्हणाली.

कामिल सेडलो फस्सकन हसला. सव्वीस वर्षांचा, मेळातला सगळ्यात धाकटा. चाल त्याच्या पदरात पडणार होती, पण घेताना त्याची मान खालीच होती.

आपोलेना उठून बाहेर गेली. रुसली असं वाटून व्हर्बेन्स्कींनी उसासा टाकला. पाच मिनिटांनी ती परत आली ती हॉटेलची सामान वाहायची बुटकी गाडी ढकलत. चारही चाकांना रबर होतं, आणि दालनभर हंसाच्या चरबीचा वास सुटला.

"हे काय?"

"माझी खुर्ची यावर. चालीपुरती मी भोंग्याच्या तोंडाशी, एका वितीवर. चाल संपली की मला मागे ओढायचं, म्हणजे तुम्हाला पुढे जागा. बूट वाजत नाहीत, खुर्ची करकरत नाही. चाकं करकरत होती, त्यांना स्वयंपाकघरातून चरबी आणून लावली."

"अहो, मी सकाळपासून उपाशी आहे," कामिल कळवळला. "आता या वासात वाजवायचं?"

"तू वाजवायचं नाहीस. तेवढा वेळ तुझे हात मोकळे आहेत. तू ओढायचंस."

कामिलनं तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि दांडा हातात घेऊन दोन पावलं मागेपुढे करून बघितलं. "तुम्हाला पाडलं तर?"

"तर व्हायोला आधी धर. माझी मी उठेन."

व्हर्बेन्स्कींचे कान लाल झाले. "हा संगीताचा मेळ आहे, सर्कस नव्हे! आणि चाल आत उतरली की नाही, हे कळणार कसं? सहा आठवड्यांनी? तोवर हे साहेब गेलेले असतील, आणि तबकडीत पाऊण मिनिट नुसती खरखर!"

"आत्ता कळेल," आपोलेना म्हणाली. "दोन तबकड्या आहेत. एक वाजवू आणि इथंच ऐकू."

टाउबनेकनी दोन्ही हात वर केले. "ऐकली की मेली, बाई. मेण मऊ. सुई परत फिरली की सगळं घासून नेते. ऐकलेलं मेण कारखाना घेत नाही."

"माहीत आहे."

"मग उरणार एक. एकच!" व्हर्बेन्स्की म्हणाले. "त्यात कुणी शिंकलं तर हा भाग गेला. भाग गेला की सबंध रचना गेली, पुढचं मेण कधी येईल देव जाणे. वर्षभराची मेहनत तू एका हट्टापायी पणाला लावणार?"

"माझी मेहनत वर्षभराची नाही, प्रोफेसर." तिचा आवाज चढला नव्हता. "भोंगा मला खात नाही असं निघालं, तर चाल कामिलची. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. पण आधी माझ्या कानांनी ऐकेन. दुसऱ्याच्या कानांवर मी माझी चाल सोडणार नाही."

या मेळात अडलं की हात वर करून निकाल लागायचा. दोन-दोन झाले तर प्रमुखांचं चालायचं. कामिलनं हात वर केला, अर्धाच, कानाशी नेऊन खाजवल्यासारखा. आपोलेनाचा दुसरा. सगळ्यांनी चेलोकडे पाहिलं. हिनेक झापलेताल साठीचे, तिच्याच मुलखातले. ती त्यांना काका म्हणायची. व्हर्बेन्स्कींविरुद्ध त्यांचा हात कधीच गेला नव्हता.

झापलेतालनी चेलो गुडघ्याला नीट टेकवला. "ओटा," ते म्हणाले, "सत्तावीस वर्षं तुझ्या बाजूनं हात वर करतोय. खांदा दुखायला लागला." आणि दुसरा हात वर केला.

राळेची डबी बंद करताना व्हर्बेन्स्कींचं झाकण दोनदा चुकलं.

टाउबनेकनी कपाटातून पहिली तबकडी काढली. कामिलनं गाडी पुढे सरकवली, भोंग्याचं तोंड आपोलेनाच्या हनुवटीपुढे आलं. आत काळोख होता आणि गार पत्र्याचा वास. भिंतीपलीकडून टकटक झाली, एक, दोन, आणि तिनं गज ठेवला.

त्या पाऊण मिनिटात तिला काही वेगळं करावं लागलं नाही. ती चाल तिच्या हाडांत होती, बापानं त्या लग्नात वाजवलेली. नवरीचे केस मोकळे होतात, कुणीतरी पिना काढून ओच्यात टाकतं, अंगणातली माणसं एक पाऊल मागे सरतात. खालच्या तारेचा सूर तिनं पोटातून ओढला. शेवटचा सूर हवेत असतानाच कामिलनं गाडी मागे घेतली, इतकी अलगद की गज हललाही नाही. मग चेलो आला, मग कामिल धापा आवरत, मग वरून व्हर्बेन्स्की. पुन्हा टकटक झाली तेव्हा झापलेताल डोळे पुसत होते आणि राळेची धूळ गेली असं सांगत होते.

"आता," ती म्हणाली.

चौघंही पलीकडच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. टाउबनेकनी सुई उचलून कडेला टेकवली.

आधी खरखर, चुलीवर काही करपतंय तशी. आणि तिच्यातून चाल आली. लहान झालेली, लांबून येणारी, पण पुरती: एकही सूर गळला नव्हता, खालच्या तारेचा घोगरेपणाही होता. आपोलेना स्वतःला बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होती. झापलेतालच्या तोंडून गावाकडचा एक शब्द निघून गेला, बायकांसमोर न बोलायचा. पुढे व्हर्बेन्स्कींचं व्हायोलिन आलं, ते मात्र बारीक आणि कुडकुडतं, बाटलीत अडकलेल्या माशीसारखं.

तिनं तबकडीकडे पाहिलं. सुईच्या मागे मेणाचे केसासारखे पिवळट कीस निघत होते. ऐकू आलेला प्रत्येक सूर त्या किसांबरोबर संपत होता. इतकं चांगलं आपण परत वाजवू असं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं दाढा आवळल्या आणि शेवटपर्यंत ऐकलं.

टाउबनेकनी फुंकर मारून कीस उडवले. "अकरा वर्षं मी सगळ्यांना वाफ सांगतो," ते म्हणाले. "कुणी गाडी नाही आणली."

"शेवटची तबकडी काढा," आपोलेना म्हणाली.

व्हर्बेन्स्की भिंतीला टेकून उभे होते. "पुन्हा तसं वाजेल?"

"तसं नाही वाजणार. वाजेल ते मात्र माझंच असेल."

या खेपेला कामिलनं चाकं हातानं पुसली आणि कोट काढून ठेवला. टकटक झाली. तिचे हात गार होते, पहिला सूर किंचित उशिरा आला. मघाची चाल आठवून तिची नक्कल करावी असं एक क्षण वाटलं. तिनं ते झटकलं आणि सरळ चालत सुटली, डोक्यावर घागर घेतलेली बाई चालते तशी, इकडेतिकडे न बघता. मघाएवढं हळवं नव्हतं ते. अधिक उघडं होतं. गाडी मागे आली, बाकीचे आले, सव्वाचार मिनिटांनी चौघांनी गज तारांवरून उचलले आणि श्वास धरून तसेच पुतळे झाले. खाली रस्त्यावर कोळशाची गाडी खडखडत गेली, पण तोवर टकटक झाली होती.

हे मेण मात्र कुणी ऐकणार नव्हतं. टाउबनेकनी ते कापसात ठेवलं, डब्यावर पेन्सिलीनं मेळाचं नाव लिहिलं आणि त्याखाली, कुणी न सांगता, "व्हायोला: आपोलेना क्रुशिनोवा."

कामिल आणि झापलेताल काही खायला मिळतं का बघायला खाली गेले. आपोलेना तारांवरची राळ फडक्यानं पुसत होती. व्हर्बेन्स्की तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसणार होते. बसता बसता थांबले, खुर्चीवर हात फिरवून पाहिलं आणि उभेच राहिले.

"वसंतातली ती तबकडी," ते म्हणाले.

"झालं ना आता, प्रोफेसर. तेव्हा मी गाडीवर नव्हते, मागे बसले होते. नसेल आली ऐकू."

"मुद्दा तो नाही." त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत. "टपालानं आली त्या दिवशी मी ती आरामखुर्चीत ठेवली. कारखान्याचं पत्र वाचायचं म्हणून चष्मा शोधत होतो. चष्मा सापडला, आणि मी बसलो."

आपोलेनाचं फडकं थांबलं. "कशावर?"

"पाच तुकडे झाले. घरकामाच्या बोझेनानं केरात टाकले. कारखान्याला काय सांगणार, पन्नास वर्षांचा माणूस, संगीत शिकवतो आणि तबकडीवर बसतो? म्हणून लिहिलं, बाकी ठीक, व्हायोला ऐकू येत नाही. सगळेच तसं म्हणतात. मला वाटलं, ऐकली असती तरी हेच निघालं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मी ती ऐकलीच नाही, आपोलेना. तुला कधी कुणी ऐकलंच नव्हतं."