घरजावयाला गप्प केल्यावर

त्या अरुंद खोलीत सर सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढीत नव्हते. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. आज काही दिसले नाही, तर तिचे तीन वर्षांचे संशोधन गुंडाळायचे, असे सरांनी बजावले होते. याच प्रयोगशाळेत पेशी रंगवणारी तिची धाकटी नणंद निळी बोटे एप्रनला पुसत होती.

साऱ्या भानगडीचे मूळ होते एक आरएनए. इतर आरएनए प्रथिने घडवण्याचा निरोप वाहतात. हा काहीच घडवत नाही, नुसता पेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसतो. म्हणून नणंदेने त्याचे नाव घरजावई ठेवले होते. पण रक्ताच्या कर्करोगात याच रिकामटेकड्याचा शब्द चालतो आणि कोवळ्या पेशी कोवळ्याच राहतात, असा वहिनीचा दावा होता. या खेपेस एका ताटलीतल्या पेशींत तिने त्याला गप्प केले होते.

"शंभरात एकसष्ट," सर अखेर म्हणाले. "एकसष्ट वयात आल्यात. बघ तरी."

तिने पाहिले. फिकट गुलाबी उजेडात केंद्रकांना जांभळ्या पाकळ्या फुटल्या होत्या, पेशी वयात आल्याची खूण.

मग तिचे पाय जमिनीवर ठरेनात. नणंदेचे हात धरून तिने स्टुलाभोवती गिरकी घेतली. ज्यांचे हसणे त्या मजल्यावर कोणी ऐकले नव्हते, ते सर हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करू लागले.

"दादाला कळव, वहिनी. तीन वर्षं स्वयंपाक केला, त्याचं चीज झालं."

"नको गं. उद्यापासून मलाच करायला लावेल."

"ती दुसरी काचही बघू, नावापुरती," सर म्हणाले. ती काच दुसऱ्या ताटलीतल्या पेशींची होती; त्यांना, तुलनेसाठी, हमखास वयात आणणारे जुने औषध घातले होते.

नणंद हसता हसता थबकली. "वहिनी, ताटल्यांची नावं झाकणावर लिहिलीस की बुडाला?"

बुडालाच लिहायचे, हा इथला पहिला धडा. झाकणांची अदलाबदल होते. परवा पेशींचे खाद्य बदलताना वहिनीने दोन्ही झाकणे एकदम काढून शेजारी-शेजारी ठेवली होती.

"म्हणजे आपण औषधाचीच करामत बघतोय की काय? दुसऱ्या काचेतल्याही वयात आल्या असतील, तरच हे खरं." कोंबड्यातली हवा सरांच्या बोटांतून निसटत होती. "कुठे लिहिलंस गं?"

तिच्या ओठांवर हसू तसेच होते. ते आवरायचे तिच्या ध्यानातच आले नाही. ती वळली आणि दुसरी काच वाळत ठेवली होती त्या खिडकीकडे चालू लागली.