वाळलेले आत्मे

दुपारी साडेतीनला गाद्यांच्या दुकानावरच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना जाड पडदे लावले होते, पंखे मुद्दाम बंद ठेवले होते, आणि दीडशे माणसं घाम पुसत समोरच्या टेबलाकडे टक लावून बसली होती. टेबलावर होता एक जुना मॉनिटर. पिवळट पडलेला, मागे भलंमोठं पोट असलेला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक कचेरीत असायचा तसला.

त्याची वायर टेबलावरून पुढे लोंबत होती. त्या काचेत गेलेल्या माणसांना बोलावतो म्हणणाऱ्या काचबाबांनी तिचं टोक उचलून पहिल्या रांगेच्या नाकासमोर धरलं.

"मोजा! पंधरा सुया. कुणाला जोडल्यात? कुणालाच नाही! आजकालचे पडदे बघा, पाटीसारखे चपटे. ज्याला पोटच नाही, त्यात आत्मा मावणार कुठे? आत्म्याला टेकायला जागा लागते, माउली!"

दीडशे मानांनी होकार दिला. मला हसू आलं. शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात शिट्टी वाजवली.

सव्वीस वर्षं मी टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करत आलोय. असल्या शेकडो डब्यांची पोटं मी या हातांनी उघडलीत. आत धूळ सापडली, एकदा मेलेला उंदीर सापडला. आत्मा काही भेटला नाही. तरी मी तिथे बसलो होतो, कारण दुसऱ्या रांगेत माझी वहिनी बसली होती.

दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी वहिनीच्या छातीत गाठ निघाली. सर्जन बाईंनी तपासून सांगितलं, वेळ घालवू नका, आणि शस्त्रक्रियेची तारीखही दिली. वहिनीने फोन करून ती तारीख रद्द केली. का, म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाली, "भाऊजी, हे नको म्हणाले."

'हे' म्हणजे दादा. आणि ते नको म्हणाले होते या डब्यातून.

बाबांनी बटण दाबलं. 'घुम्म' असा आवाज झाला, पडदा थरथरला.

"आत्मा दार ठोठावतोय!" बाबा ओरडले.

मग त्यांनी अंगठी घातलेला हात काचेवरून फिरवला. हात जाईल तिथे जांभळे, हिरवे, गुलाबी रंग पाण्यात शाई सोडावी तसे पसरत गेले. सभागृहातून एकच 'आ' उमटला. हात मागे झाला, रंग ओसरले, आणि त्यांतून दादाचा चेहरा वर आला.

खोटं कशाला सांगू, मीही पुढे वाकून पाहिलं. दादाच होता. पण गाल आत गेलेले, चेहरा लांबट, मान बारीक. डोक्यामागे अंड्याच्या आकाराचं फिकट पांढरं काहीतरी.

"तेजोवलय!" बाबांनी बोट दाखवलं. "पुण्यवान जीव आहे!"

"पण किती वाळलेत हो हे!" वहिनीचा आवाज फुटला.

"तिकडे मोह गळून पडतो, ताई. मेदासकट!"

एखाद्याने हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. वहिनी पुढे गेली, तिने हात काचेजवळ नेला. तिच्या हातावरची लव उभी राहिलेली मला तिसऱ्या रांगेतूनही दिसली.

"फिरला," ती पुटपुटली, "यांचा हात फिरला."

बाबांनी डोळे मिटले. "ते म्हणतात, देहाला लोखंड लागू देऊ नकोस. चिरलेल्या देहाला आमच्याकडे वाट नाही."

मी उठायला निघालो. पण भर सभेत तमाशा केला तर वहिनी माझ्याशी बोलणं सोडेल, बाबांशी नाही, हे मला कळत होतं. म्हणून जागेवरच बसलो आणि फक्त बघत राहिलो. तेव्हा एक गोष्ट दिसली. अशा मॉनिटरची वायर मोकळी असली की पुढचा बारीक दिवा नारिंगी होतो. चित्र कुठून तरी येत असेल तरच तो हिरवा राहतो. बाबांनी दिव्यावर काळी पट्टी चिकटवली होती. तिच्या कडेने हिरवा उजेड झिरपत होता.

दुसऱ्या दिवशी माझं दुकान उघडलं आणि माळ्यावरून तसलाच एक मॉनिटर खाली काढला. माझ्या नव्या कॉम्प्युटरला त्या पंधरा सुया घुसतील असं भोकच नाही. हल्ली ते देतच नाहीत. मधे एक काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो, नव्याची भाषा जुन्याला समजावून सांगणारा दुभाष्या म्हणा ना. तो जोडला. पडदा काळा, मधोमध फक्त एक चौकट: 'मर्यादेबाहेर'. नवीन कॉम्प्युटर म्हाताऱ्याच्या झेपेपलीकडचं चित्र पाठवत होता. मी ते बारीक केलं, पुन्हा केलं, आणि शेवटी चित्र आलं.

सहज म्हणून दादाचा फोटो शोधला. त्याच्या कचेरीतल्या निरोप समारंभाचा फोटो कचेरीच्या इंटरनेटवरच्या पानावर अजून होता, कुणालाही दिसेल असा. तो उघडला आणि मी खुर्चीतच ताठ झालो.

दादा वाळला होता. तेच आत गेलेले गाल, तीच बारीक मान. नवे पडदे आडवे, लांबरुंद. जुन्या मॉनिटरची काच जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र तिच्यात कोंबलं की दोन्ही बाजूंनी दाबलं जातं, आणि धष्टपुष्ट माणूसही काटकुळा दिसतो. आणि डोक्यामागचं ते तेजोवलय? कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ. गोल घड्याळाचं अंडं झालं होतं.

सोमवारी वहिनीला दुकानात बोलावलं. काही न सांगता मॉनिटर लावला. 'घुम्म' झालं, असले डबे सुरू होताना करतात तसं. चुंबकाचा तुकडा काचेवरून फिरवला, रंग पसरले. मग दादा आला.

वहिनी स्टुलावर बसली.

"हात न्या जवळ," मी म्हणालो.

तिने हात नेला. लव उभी राहिली. तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"काचेवर वीज साठते, वहिनी. लोकरीचा स्वेटर काढताना होतं ना, तसं. दूरदर्शन बघायचो तेव्हा लहानपणी आम्ही दोघं मुद्दाम हात लावायचो."

"म्हणजे तो हात…"

"नव्हता."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली. "तुम्हाला काय मिळालं हो हे दाखवून? आठवड्यातून एकदा तरी ते भेटायचे!"

मी फोटो पूर्ण पडद्यावर मोठा केला आणि त्याची रुंदी दुरुस्त केली. दादाचे गाल भरले. मागचं घड्याळ गोल झालं. वहिनी उठून जवळ आली, डोळे बारीक करून तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून निघून गेली.

गुरुवारी मी सभागृहात गेलो तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मनात म्हटलं, संपलं.

पुन्हा घुम्म, पुन्हा रंग, पुन्हा दादा. बाबा तेजोवलयावर घसरले तशी वहिनी उभी राहिली.

"बाबा, ते तेजोवलय जरा मोठं करून दाखवता का?"

"कशाला, ताई?"

"त्यावर किती वाजलेत ते बघायचंय."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. "अरे, काटे आहेत की!" एक बाई ओरडली. ज्यांना दीड महिना तेज दिसत होतं, त्यांना आता पावणेबारा दिसायला लागले.

बाबा गरजले, "हात लावाल त्या डब्याला, तर भस्म व्हाल!"

"एवढं एकच खरं बोललात," मी पुढे होत म्हणालो. "आत हजारो व्होल्ट असतात. म्हणून उघडत नाही. नुसतं बघतो."

मागच्या फटींतून मी टॉर्च मारला आणि मुख्याध्यापकांना बोलावलं. त्यांनी चष्मा सावरून आत डोकावलं. दिसायला हवी ती धूळ होतीच. शिवाय होता मुठीएवढा नवाकोरा कॉम्प्युटर, निळा दिवा लुकलुकत, आणि त्याला जोडलेला कन्व्हर्टर. पुढे लोंबणारी वायर आतल्या बाजूला कापून टाकली होती. दारात बसून लोकांची नावं लिहून घेणारी बाबांची शिष्या मांडीवरच्या मोबाइलवरून चित्रं बदलत होती. मंडळींचं लक्ष तिकडे जाताच तिने मोबाइल पदराखाली लपवला आणि दादा पडद्यावरून गायब झाला. मुख्याध्यापकांनी बाबांची अंगठी मागितली. बाबा देईनात, तेव्हा त्यांनी आपला किल्ल्यांचा जुडगा बाबांच्या हाताजवळ नेला. जुडगा टक्कन अंगठीला चिकटला.

"मी विज्ञान शिकवायचो," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, आणि खाली बसले. त्यांची पत्नी दर आठवड्याला या पडद्यावर यायची.

सगळेच खूश झाले नाहीत. जिन्यात एका तरुणाने माझी कॉलर धरली. "माझी आई भेटत होती! ती नेलीत तुम्ही!"

वहिनीने त्याचा हात सोडवला. "आई नव्हती ती, भाऊ. तुम्हीच इंटरनेटवर कुठेतरी लावलेला तिचा फोटो होता. तो तुमच्याकडे आहेच. त्यासाठी या बाबाच्या पाया पडायला नको, आणि तो सांगेल ते ऐकायलाही नको."

वहिनीने पुन्हा तारीख घेतली आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची निघाली. सर्जन बाई तपासणीचा अहवाल हातात घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "पसरलेली नाही. पण आणखी उशीर झाला असता, तर मी हे वाक्य तुम्हाला खात्रीने सांगू शकले नसते."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. काचबाबाची लबाडी नव्हे, तर त्याच्यासमोर दर आठवड्याला किती घरांचे निर्णय झाले असतील, तेच मोजत होतो. रंग कसे येतात, लव का उभी राहते, हे त्या दीडशेंपैकी निदान वीसजणांनी शाळेत शिकलेलं होतं. माणूस गेल्याच्या दुःखात ते विसरले. दुःखाला मी दोष देत नाही. दुःखाच्या दारात दुकान मांडणाऱ्याला देतो.

तेव्हा वाचकहो, रडा, आठवणी काढा, फोटो उराशी धरा. पण तो फोटो जर तुम्हाला औषध बंद करायला सांगू लागला, तर आधी मागे जाऊन बघा. भिऊ नका, पाप लागत नाही. फार तर धूळ लागेल.