पांढऱ्या कापडाचा उजेड

डुफीला सोनेरी केंटे कापडावर निजवलं होतं. उशी सोनेरी, पलंगाचे खांब सोनेरी, गळ्यात घराण्याचं सोनं. अख्ख्या बेक्वाई गावात एवढा थाट कुणाच्या मयताला झाला नव्हता, आणि हे तिच्या आईनं, बिरागोनं, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलंही होतं. लेक गेली तरी म्हातारीची मान ताठ होती.

पण भाच्यानं, आसारेनं, कॅमेऱ्याची मागची काच पुढे धरली आणि तिचा चेहरा उतरला. सोनं लखलखत होतं. तोंडाच्या जागी नुसता अंधार.

"हे काय रे? माझी लेक आहे की कोळशाचं पोतं?"

"आत्या, फ्लॅश आपला आपण उजेड मोजतो. सोनं चकाकलं की त्याला वाटतं, झालं पुरे. मग हात आखडतो."

"म्हणजे माझ्या दिरासारखाच मेला!"

दाराशी कुणीतरी हसलं, लगेच गप्प झालं.

बिरागोचं तोंड चालत होतं, पण जीव बाहेर ठेवलेल्या शवपेटीकडे लागला होता. घराण्याची रीतच तशी: जन्म देणारीनं लेकराच्या कबरीपाशी जायचं नाही. पेटीनं उंबरा ओलांडला की बिरागोकडे राहणार तो हा फोटोच. डुफी नोकरीला म्हणून राजधानीला, अक्राला गेली, ती अशीच परत आली. तिचं शेवटचं तोंड तरी नीट दिसायला हवं होतं.

"आटप लवकर. पेटीवाले बाहेर खोकायला लागलेत."

आसारेनं फ्लॅशचा जोर हातानं वाढवला. आता मयताला लावलेली पावडरच तेवढी चमकली, कपाळ आणि नाक पांढरंफटक.

"मघाशी कोळसा, आता पीठ!"

मग त्यानं फ्लॅशचं तोंड वर फिरवलं. छतावर आपटून उजेड मऊ होतो, म्हणाला. पण छताला दुखवट्याचं लाल कापड ताणलेलं. उजेड खाली आला तो लाल होऊनच. डुफी तापानं फणफणल्यासारखी दिसली. तिकडे अक्राच्या दवाखान्यात शेवटी अशीच दिसली असेल का?

"बाजूला पांढरं काही धरलं तर जमेल," आसारे चाचरत म्हणाला. "पण पांढरं आणायचं कुठून?"

सगळं घर काळंलाल. तरण्या माणसाच्या मयतात पांढरं चालत नाही, ते आनंदाचं, बारशाचं. बिरागो उठली आणि आतल्या ट्रंकेतलं एक घडी घातलेलं पांढरं कापड घेऊन आली. डुफीच्या बारशाला ती हेच नेसली होती. पुढे डुफीच्या लेकराच्या बारशाला नेसायचं म्हणून डांबरगोळ्या घालून जपलं होतं.

घराण्यातले थोरले ओपोकू काठी आपटत उठले. "बिरागो! तरण्या पोरीच्या मयतात पांढरं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी चळली. एक तर गप बसा, नाहीतर दुसरं टोक धरा."

ओपोकूंनी काठी भिंतीला टेकवली आणि दुसरं टोक धरलं.

"आत्या, अजून जवळ ये. हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? कापड हलतंय."

फ्लॅश कापडावर पडला आणि तिथून डुफीच्या तोंडावर. काचेत ती आली, तिच्या स्वतःच्या रंगाची, ओठाजवळच्या तिळासकट. आणि गाल पार आत गेलेले. एवढी रोडावली होती, आणि फोनवर म्हणायची, "आई, मजेत आहे गं मी." उजेड नीट पडला तसं तेही दिसलं.

बिरागो बघत राहिली. "हीच," एवढंच म्हणाली.

"कडेला तुझी बोटं आलीत, आत्या. कापून टाकतो."

"बोटांना हात तर लाव, मग बघते तुला."

पेटीवाले आत आले. थोड्याच वेळात पेटी निघाली, मागोमाग रडणारी माणसं निघाली, आसारे गेला, ओपोकूही गेले. बिरागो उंबऱ्याच्या आत थांबली आणि कापडाची घडी घालायला लागली. लांबलचक कापड, एकटीला काही जमेना. दुसरं टोक धरायला घरात कुणी उरलं नव्हतं.